वॉर्निशखालचा पांढरा

अजिंठ्याच्या चित्रांची नासधूस कुणी केली, असं विचारलं की लोक वटवाघळांकडे, झिरपणाऱ्या पाण्याकडे आणि भिंतीवर आपलं नाव कोरून जाणाऱ्या हौशी पाहुण्यांकडे बोट दाखवतात. तिघेही दोषी आहेतच. पण या यादीत आणखी एक नाव घालावं लागतं, आणि ते चित्रांवर जीव असलेल्या माणसांनीच आत आणलं. ते नाव म्हणजे वॉर्निश.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावरची ही लेणी दिसली, आणि त्यानंतर चित्रांच्या प्रती काढण्याची धडपड सुरू झाली. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी इथे वर्षानुवर्षं चित्रं उतरवत बसला. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतले, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूलमधले, जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तेच काम पुन्हा करू लागले. १८८५ पर्यंत ते चाललं. त्यातल्याही कितीतरी प्रती त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत सापडल्या. प्रती दोनदा जळाल्या. त्या काढताना मूळ भिंतीवर चढवलेलं वॉर्निश मात्र जागच्या जागी राहिलं. पुढे १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा भिंतीला धरून ठेवण्याचं त्यांचं काम मोलाचं होतं. पण त्यांनीही चित्रांवर लाखेचा थर दिला.

या माणसांना अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. वॉर्निश लावल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांदेखत मळकट, पिठूळ भिंत खुलली होती. लाल अधिक लाल झाला, काळा खोल गेला, पुसट रेषा वर आल्या. हा त्यांचा भास नव्हता. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना जे नियम पाळतो, त्यांचाच तो परिणाम होता. गंमत अशी की पुढे नुकसान झालं त्यातही याच नियमांचा हात होता.

शहाबादी फरशी पुसणाऱ्या कुणालाही या नियमांचा अर्धा भाग रोज दिसतो. कोरडी फरशी राखाडी, फिकट. ओलं फडकं फिरलं की क्षणात गडद, आणि वाळली की पुन्हा फिकट. पाण्याला स्वतःचा रंग नाही, फरशीचा रंगही बदललेला नाही. मग बदललं काय? बदलली ती सीमा. आधी फरशी हवेला भिडलेली होती, आता पाण्याला भिडली आहे.

प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. पाण्यात तो सव्वादोन लाखांवर येतो, साध्या काचेत २ लाखांवर, हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही जरा खाली. वेग किती पट कमी झाला, त्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. पाण्याचा १.३३, काचेचा साधारण १.५, हिऱ्याचा २.४२. दहावीच्या पुस्तकात हे सगळं असतं आणि बोर्डाची परीक्षा झाली की आपण ते विसरतो, कारण हा आकडा कशाच्या उपयोगी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

पहिला उपयोग वाकण्याचा. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघालेली दिंडी डोळ्यांसमोर आणा. दहा-दहा जणांच्या रांगा डांबरी सडकेवरून झपझप चालल्या आहेत आणि वाट तिरपी होऊन ओल्या काळ्या रानात उतरते. रांगेतला ज्याचा पाय आधी चिखलात पडेल तो आधी मंदावतो. दुसऱ्या टोकाचा अजून सडकेवरच आहे, तो त्याच वेगाने पुढे येतो. रांग तुटू द्यायची नसेल तर ती आपोआप वळते. प्रकाशाची आघाडीही तशीच वळते. वेग कमी असलेल्या पदार्थात शिरताना किरण सीमेवर उभ्या असलेल्या स्तंभिकेकडे झुकतो, बाहेर पडताना तिच्यापासून दूर जातो. सरळ, काटकोनात शिरणारा किरण मात्र वळत नाही, कारण रांगेतले सगळे एकदमच चिखलात पाय टाकतात. किती वळायचं याचं नेमकं गणित १६२१ साली डच गणिती स्नेलने मांडलं. त्याच्या सहा शतकं आधी बगदादमध्ये इब्न सहलने तेच मांडून ठेवलं होतं, पण नाव स्नेलचं चिकटलं. संभाजीनगरच्या पाणचक्कीसमोरच्या हौदात काठावरून सरळ खाली पाहिलं की तळ वर उचलल्यासारखा दिसतो तो या वळण्यामुळे. ४ फूट पाणी ३ फुटांचं वाटतं. भरलेली विहीर पाहून पोहायला उतरणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवलेला बरा.

दुसरा उपयोग परतण्याचा, आणि अजिंठ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. सीमेवर आलेला सगळा प्रकाश पलीकडे जात नाही, थोडा मागे फिरतो. किती फिरतो हे दोन्ही बाजूंच्या अपवर्तनांकांत किती फरक आहे त्यावर ठरतं. हवेतून काचेवर सरळ पडलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के परततो, पाण्यावरून २ टक्के, हिऱ्यावरून १७ टक्के. किरण जितका तिरपा, तितका परतणारा वाटा मोठा. बीबी का मकबऱ्यासमोरच्या पाटात पाणी असेल तेव्हा काठाशी उभं राहून खाली पाहिलं तर पाटाचा तळ दिसतो, घुमट दिसत नाही. खाली बसून फोन पाण्याला टेकवण्याइतका खाली नेला की घुमट स्वच्छ उमटतो. काठावर ओणवे झालेले फोटोवाले, किती उजेड परततो हे सांगणारी फ्रेनेलची समीकरणं शिकलेले नसतात, पण वापरतात तीच.

आता मूळ मुद्दा. प्रकाशाला पदार्थ दिसत नाही, त्याला फरक दिसतो. दोन पदार्थांचे अपवर्तनांक सारखे असले तर त्यांच्यामधली सीमा प्रकाशाच्या लेखी नसतेच. तो वळत नाही, परतत नाही, सरळ निघून जातो. बोरोसिलची छोटी वाटी मोठ्या भांड्यातल्या शेंगदाण्याच्या तेलात बुडवून पाहा. त्या काचेचा अपवर्तनांक १.४७, तेलाचाही जवळपास तेवढाच. वाटी तेलात जाते आणि दिसेनाशी होते. कडा पुसट दिसली तर दिसली. बोट घालाल तर वाटी जागेवर असते.

हे एकदा पटलं की पांढऱ्या रंगाचं कोडंही सुटतं. पांढरा हा पुष्कळदा रंगद्रव्याचा गुण नसतोच, तो सीमांच्या गर्दीचा गुण असतो. पावसाळ्यात अजिंठ्याच्या टोकाला सप्तकुंडाचा धबधबा कोसळतो तेव्हा तो दुधासारखा दिसतो. कुंडात साचलं की तेच पाणी नितळ. कोसळताना पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात, म्हणजे पाणी आणि हवा यांच्या असंख्य सीमा तयार होतात. प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा परततो, थोडा वळतो, आणि शेवटी सगळ्या दिशांना विखुरतो. सगळेच रंग सारखे विखुरले की आपण त्याला पांढरं म्हणतो. मीठ, साखर, कापूस, कुटलेली काच, सगळ्यांची तीच कथा.

याचा उत्तम नमुना अजिंठ्याच्या वाटेवर विकायला असतो, आणि आपण त्याच्याशी भाव करत बसतो. फर्दापूर फाट्याच्या बाजूला, लेण्यांच्या पायथ्याशी, स्फटिक विकणारे मागे लागतात. दख्खनचा हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे खनिजं वाढली. गारगोटी, ॲमेथिस्ट, स्टिलबाइट, ॲपोफिलाइट. कधी कॅल्साइटही मिळतं. कॅल्साइटचा स्वच्छ तुकडा हाती लागला तर वर्तमानपत्रावर ठेवा. खालची प्रत्येक ओळ दोनदा दिसेल. कॅल्साइटमध्ये शिरलेला प्रकाश दोन वाटांनी फुटतो. एका वाटेचा अपवर्तनांक १.६६, दुसरीचा दिशेप्रमाणे बदलत १.४९ पर्यंत खाली येतो.

हे खनिज एरवी पारदर्शक आहे. आणि मकबऱ्याचा संगमरवर म्हणजे हेच खनिज. तिथे ते एकसंध स्फटिक नसून बारीक कणांची दाट वीण असते, आणि प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेला असतो. एका कणातून शेजारच्या कणात जाताना प्रकाशाला अपवर्तनांक बदललेला सापडतो. पुन्हा सीमा, पुन्हा वळण. म्हणून स्वच्छ खनिजाचा दगड पांढरा होतो. पण या सीमांवरचा फरक बुडबुड्यांसारखा मोठा नसल्यामुळे प्रकाश दगडात बराच आत जाऊन, फिरून, मग बाहेर येतो. संगमरवर आतून उजळल्यासारखा दिसतो त्याचं कारण हे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने सतराव्या शतकात आईसाठी बांधलेल्या या मकबऱ्यात संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला आहे, बाकी इमारत गिलाव्याची. गिलाव्यात चुन्याच्या कणांमध्ये हवा असते, फरक मोठा, त्यामुळे प्रकाश वरच्यावर परततो. ढगाळ दिवशी दोन्ही सारखेच पांढरे वाटतात. मावळतीच्या तिरप्या उन्हात घुमट आणि मिनार यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं की कुठे दगड आणि कुठे गिलावा हे कुणी सांगावं लागत नाही. ताजमहालाची स्वस्त नक्कल म्हणून या इमारतीची टर उडवणाऱ्यांनी एकदा त्या वेळी तिथे उभं राहावं. कारागिरांनी गिलावा घोटून घोटून त्याचा पृष्ठभाग किती गुळगुळीत केला आहे, तेही दिसेल.

आता परत अजिंठ्याच्या भिंतीकडे. इथल्या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हणतात, पण ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची ती युरोपीय रीत इथली नव्हे. खडबडीत दगडावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. रंग बहुतेक मातीचे आणि दगडाचे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. पांढऱ्यासाठी चुना, केओलिन, जिप्सम. आणि निळ्यासाठी आज अफगाणिस्तानात असलेल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला लाजवर्द. डिंक थोडा आणि तोही दीड हजार वर्षांत झिजलेला. त्यामुळे रंगाचे कण आज एकमेकांना जेमतेम धरून आहेत आणि मधल्या फटींत हवा आहे. हवा म्हणजे सीमा. उजेड रंगापर्यंत धड पोहोचण्याआधीच त्यातला थोडा वरच्यावर विखुरतो आणि सगळ्या चित्रावर पिठूळ झाक येते.

वॉर्निश या फटींत शिरतं आणि हवेला हाकलतं. लाखेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास. वरची झाक गेली, प्रकाश आतपर्यंत पोहोचला, रंग घेऊन परतला. शिवाय बाहेर पडू पाहणाऱ्या तिरप्या किरणांना वॉर्निशचा वरचा पृष्ठभाग पुन्हा आत ढकलतो, त्यामुळे ते रंगाशी दुसऱ्यांदा गाठ घेतात आणि रंग आणखी गडद होतो. ओल्या फरशीचंही तंतोतंत हेच. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांना जो चमत्कार दिसला तो इतकाच.

पण आता रंग एकेक करून तपासा. गेरूतल्या लोहखनिजाचा अपवर्तनांक २.९ च्या घरात असतो. हवेतून लाखेत आला तरी त्याच्या आणि लाखेच्या आकड्यांत भरपूर अंतर उरतं. तो झाकणारा रंग होता, झाकणाराच राहतो, उलट अधिक भरदार दिसतो. पिवळ्या मातीचंही बहुतांशी तसंच. आता पांढरा घ्या. केओलिन १.५६. जिप्सम १.५२, म्हणजे थेट लाखेच्या पंक्तीला. हवेत असताना केओलिनच्या कणावरून सरळ पडलेल्या उजेडातला जवळपास ५ टक्के परतत होता. लाखेत बुडाल्यावर तो वाटा दहा हजारांत दोनापेक्षाही कमी. सीमा पुसली गेली. तेलातल्या बोरोसिलच्या वाटीसारखा पांढरा कण जागेवर असतो आणि दिसत नाही. जिथे वॉर्निश खोल मुरतं तिथे असा पांढरा पातळ होतो आणि त्याच्याखालची मळकट माती वर डोकावते. लाजवर्दाचा अपवर्तनांक १.५० च्या आसपास. त्याच्या कणांनी विखुरलेल्या उजेडामुळे तो तेजस्वी निळा दिसतो. लाखेत तो विखुरणं सोडतो आणि काळपटाकडे झुकतो. युरोपातल्या तैलचित्रकारांनाही हाच निळा तेलात कालवला की काळवंडतो याचा अनुभव होता, म्हणून ते त्यात मुद्दाम पांढरा मिसळत. तिथला पांढरा शिशाचा, अपवर्तनांक जवळपास २, त्यामुळे तो तेलातही टिकत असे.

म्हणजे वॉर्निश सगळ्या रंगांना सारखं उजळवत नाही. ते लालपिवळ्याची बाजू घेतं आणि पांढऱ्यानिळ्याला दाबतं. चित्रकाराने गोऱ्या आणि सावळ्या अंगकांतीचा, मोत्यांचा, पारदर्शक वस्त्रांचा जो तोल साधलेला असतो तो इथे बिघडतो. रंगाचा कण न हलवता, न खरवडता. माझ्या मते नुकसानाचा हा प्रकार इतरांपेक्षा फसवा आहे, कारण पहिल्या दिवशी तो सुधारणेसारखा दिसतो.

दुसरा दिवस वर्षांनी येतो. लाख हवा आणि उजेड खाऊन पिवळी, मग तपकिरी होते, म्हणजे निळा प्रकाश गिळू लागते. आधीच दबलेला लाजवर्द आता पिवळ्या काचेमागून पाहावा लागतो. मग थर आकसतो. आकसताना खालच्या नाजूक रंगाला ओढतो आणि पापुद्रे सुटतात. थराला बारीक भेगा पडतात, भेगांत हवा शिरते, हवेबरोबर सीमा परत येतात आणि चित्र पुन्हा धुरकट. जिथून सुरुवात केली तिथेच, वर एक पिवळा पडदा जास्तीचा. १९५३ पासून अजिंठ्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, आणि तिथल्या रसायनतज्ज्ञांच्या कामाचा मोठा वाटा हा जुना थर द्रावकांनी हळूहळू उतरवण्यात गेला आहे. नखाएवढ्या जागेवर कापसाचा बोळा फिरवायचा, तो तपासायचा, त्यावर रंग आला तर थांबायचं. वॉर्निश लावायला ब्रशचे चार हात पुरले होते.

वॉर्निशवर हा सगळा राग काढताना एक गोष्ट सांगायला हवी. रंगावर काचेसारखा थर देण्याची कल्पना मुळात वाईट नाही. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ नंतर जिथे कैदेत ठेवलं तो हा. त्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या चकचकीत फरशांचे काही तुकडे अजून टिकून आहेत. उन्हापावसात शतकानुशतकं उघडे, तरी निळा तसाच ओला दिसतो. इथेही रंगावर काचेचा थरच आहे. फरक एवढाच की तो भट्टीत रंगाशी एकजीव झाला, आणि कारागिराने रंग निवडतानाच तो काचेखाली कसा दिसेल हे हेरलं होतं. अजिंठ्याच्या चित्रकाराने आपला रंग हवेसाठी निवडला होता.

आता उजेडाबद्दल, कारण त्याशिवाय अजिंठ्याची गोष्ट कुणी पुरी होऊ देत नाही. या अंधाऱ्या लेण्यांत चित्रकारांना दिसत कसं होतं? वाटाडे सांगतात की बाहेर आरसे लावून सूर्यकिरण आत घेतले जात. कुणी पाण्याने भरलेल्या परातींचंही सांगतात. हिशेब करून पाहू. भर उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स उजेड पडतो. लक्स हे उजेड मोजण्याचं एकक. रात्री दिवा लावलेल्या घरातल्या खोलीत शंभर-दीडशे लक्स असतात. १ चौरस मीटरचा चांगला सपाट आरसा हा उजेड आत फेकेल तर भिंतीवर जेमतेम आरशाएवढा चौकोन डोळे दिपतील इतका उजळेल आणि बाकी भिंत अंधारात राहील. त्यात सूर्य सरकतो. आरसा स्थिर ठेवला तर २० मीटरवरचा तो चौकोन मिनिटाला साधारण ९ सेंटिमीटर पळेल. अशा उजेडात इथल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ ओढून दाखवावी. शिवाय त्या काळचे आरसे घोटलेल्या धातूचे. पाण्याच्या परातीचं तर बोलायलाच नको. डोक्यावरच्या उन्हातला २ टक्के ती परत करणार, तोही हलणारा आणि तिरपा नसल्याने छताकडे जाणारा.

याउलट धुतलेलं पांढरं कापड घ्या. ते ८० टक्के उजेड परत फेकतं, पण कुठल्याही एका दिशेला नाही, चौफेर. त्याच्या तंतूंत आणि हवेत असंख्य सीमा आहेत म्हणून. १ चौरस मीटर कापड उन्हात धरलं तर १० मीटरवरच्या भिंतीवर सुमारे २५० लक्स पडतात, २० मीटरवर साठेक. लेणं क्रमांक १ चा मंडप प्रत्येक बाजूला जवळपास २० मीटर आहे. दारासमोर तीनचार कापडं ताणली की मागच्या भिंतीवर निवांत, मऊ, न पळणारा उजेड मिळतो. म्हणून माझं मत कापडाच्या बाजूने. आरशाची गोष्ट सांगायला झकास असली तरी काम कापडाचं, किंवा समोरच्या उजळ अंगणाचं.

आज मुख्य चित्रलेण्यांत फायबर ऑप्टिकचे दिवे आहेत, आणि त्यांचं काम सीमेच्या तिसऱ्या गुणावर चालतं. जास्त अपवर्तनांकाच्या पदार्थातून कमीकडे जाणारा किरण ठरावीक कोनापेक्षा तिरपा आला तर तो बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा आत परततो. पाण्यासाठी हा क्रांतिक कोन ४८.६ अंश, काचेसाठी ४२ च्या आसपास, हिऱ्यासाठी २४. हिरा लखलखतो तो यामुळेच. तंतूचा गाभा जास्त अपवर्तनांकाचा, वरचं आवरण कमी. आत शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत, वळणं घेत पुढे जातो. उत्तम धातूचा आरसा दर खेपेला दहाएक टक्के उजेड गिळतो, वीस खेपांत आठवा हिस्सा उरतो. या परावर्तनात सीमेवर काहीच गिळलं जात नाही. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ साली अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली आणि या विद्येला फायबर ऑप्टिक्स हे नावही पुढे त्यांनीच रूढ केलं. अजिंठ्याला त्याचा फायदा असा की दिव्याची उष्णता आणि अतिनील किरण दिव्यापाशीच अडवता येतात, भिंतीपर्यंत फक्त उजेड जातो. नाजूक रंगांसाठी संग्रहालयं ५० लक्सची मर्यादा पाळतात. म्हणून आत गेल्यावर अंधारात ढकलल्यासारखं वाटतं आणि लोक कुरकुरतात. डोळ्यांना आठदहा मिनिटं द्या, भिंत आपण होऊन पुढे येते. १९९१-९२ मध्ये बेनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता तिथल्याच मंद उजेडात या चित्रांचे फोटो काढले आणि त्यांतले रंग पाहून जाणकारही चकित झाले होते.

जाणार असाल तर एवढं करा. चित्रासमोर छातीठोक उभं राहण्याआधी भिंतीच्या कडेने तिरपं पाहा. कुठे काचेसारखी चकाकी दिसली तर तो वॉर्निशचा उरलेला थर, कुठे मंद आणि एकसारखी भिंत दिसली तर तिथे रंग हवेशी थेट बोलतो आहे. पोलरॉइड गॉगल जवळ असेल तर तो डोळ्यांवर न लावता हातात आडवा धरा, मग काटकोनात फिरवून उभा करा. भिंतीवरून तिरपी परतणारी चकाकी एका ठिकाणी जवळजवळ विझते आणि खालचा रंग दिसतो. लाखेच्या थरासाठी हे सर्वांत चांगलं जमतं ते स्तंभिकेपासून ५७ अंशांवरून. लेण्यात गॉगल फिरवणाऱ्या माणसाकडे लोक जरा विचित्र नजरेने पाहतात, त्याला इलाज नाही. मोबाइलचा टॉर्च मात्र खिशातच राहू द्या, आणि फ्लॅशला तिथे बंदी आहे. निघण्यापूर्वी वार पाहून घ्या. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी.